समुदाय भवनाची किल्ली कुणाकडे?

वडाखालची:
"गावची सामायिक मालमत्ता पंच कमिटीच्याच ताब्यात राहू दे, ग्रामपंचायतीचा हात लागला की वाटोळं." चव्हाट गल्लीच्या काकांनी परवा गावच्या ग्रुपवर हे लिहिलं. पंच कमिटी म्हणजे देवळात बसणारी, यात्रा भरवणारी कमिटी. समुदाय भवन, जेवणाची भांडी, स्मशानशेड, तळं, देवळामागची बोअर, सगळं त्यात आलं. खाली 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग लागली. दोन दिवस गप्प बसले, आता बसवत नाही.

माझे बाबा श्रावणात गेले. बाराव्याचं जेवण समुदाय भवनात करू म्हणून भाऊ किल्ली मागायला गेला. पहिला प्रश्न आला, "यात्रेची पट्टी भरलीय का?" बाबा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले, दवाखान्यापायी शेत गहाण पडलेलं. पट्टी राहिली होती, पाच हजार. किल्ली मिळाली नाही. दारात ताडपत्री बांधली, ती पावसानं फाटली. पत्रावळीत पाणी साचत होतं आणि माणसं तशीच जेवून गेली. आई त्या दिवसाबद्दल अजून बोलत नाही.

ते भवन आमदार निधीतून झालंय. जागा गावठाणातली, उतारा पंचायतीच्या नावानं. मग पट्टी न भरलेल्या घराला ते बंद ठेवायचा अधिकार कमिटीला कुणी दिला? यात्रा देवीची, भवन गावाचं. एकाची थकबाकी दुसऱ्यात का वसूल करता?

आणि कमिटीत अकरा जण आहेत, त्यात एक बाई नाही. आपल्या कर्नाटकात 1987 च्या पंचायत निवडणुकीत बायकांना 25 टक्के जागा होत्या, तेव्हा देशाची घटनादुरुस्तीसुद्धा झाली नव्हती. 2010 ला एकूण जागांतल्या निम्म्या बायकांच्या झाल्या. देवळातल्या बैठकीत मात्र आम्ही आजही पायरीपर्यंतच.

चव्हाट गल्ली:
ताई, तुझे बाबा आणि मी एका तालमीत घुमलो. त्या दिवशी मी गावात असतो तर किल्ली मी स्वतः आणून दिली असती. हे आधी सांगतो, कारण पुढचं तुला आवडणार नाही.

भवन सरकारनं दिलं म्हणतेस. सरकारनं चार भिंती आणि वर स्लॅब दिला. फरशी नव्हती, पंखे नव्हते, स्वयंपाकाला आडोसा नव्हता, पाण्याची टाकी नव्हती. हे सगळं गावानं घरटी वर्गणी काढून केलं. लाइटचं बिल आजही कमिटी भरते. गेल्या उन्हाळ्यात टाकीची मोटार जळली, तेव्हा पंचायतीत एस्टिमेट, मंजुरी, कोटेशन असं करत अकरा दिवस गेले. शेवटी कमिटीनं घरटी शंभर रुपये गोळा केले आणि दोन दिवसांत मोटार वाइंडिंग होऊन आली.

2019 च्या ऑगस्टमध्ये मार्कंडेय नदी चढली आणि खालच्या अंगाची घरं पाण्यात गेली. त्या रात्री देवळाचा दरवाजा कुणी उघडला? चूल कुणी पेटवली? तिथं पीडीओ, म्हणजे पंचायतीचा विकास अधिकारी नव्हता, सेक्रेटरी नव्हता. पोरं होती आणि कमिटीची भांडी होती.

पट्टीचा नियम सगळ्यांना सारखा आहे. एकाला सोडलं की दुसरा विचारतो. उद्या कुणीच दिली नाही तर यात्रा कशी भरणार? वार पाळायचे, गाडा ओढायचा, पाव्हण्यांना जेवू घालायचं, याला पंचायत एक पैसा देत नाही.

माजी सदस्य:
पाच वर्षं पंचायतीत बसलोय, म्हणून लिहितो. काका म्हणतात ते अकरा दिवस खरे आहेत. त्यातले चार दिवस मी स्वतः तालुक्याला फेऱ्या मारल्यात.

पण पंचायत म्हणजे काय हे तरी धड समजून घ्या. आपली ग्रुप पंचायत, चार गावं. माझ्या वेळी केंद्राच्या 15 व्या वित्त आयोगाच्या पैशातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. त्यातून भवनाचं छत करता येत नव्हतं, पंखा बसवता येत नव्हता. उरलेल्या 40 टक्क्यांवर चार गावांचे डोळे. अध्यक्षाची खुर्ची अडीच वर्षांनी आरक्षणानं दुसऱ्याकडं जाते. नवा माणूस कागद समजून घेईपर्यंत सहा महिने जातात.

तरी काही कामं फक्त पंचायतच करू शकते. तळ्यातला गाळ काढायचा तर रोजगार हमीतून मजुरी काढावी लागते. ती मागणी कमिटीच्या लेटरहेडवर होत नाही. नळाचं कनेक्शन, दिवाबत्ती, गटार, ही 1993 च्या कर्नाटक पंचायत कायद्यानं पंचायतीची कामं. कमिटीनं मोटार दुरुस्त केली, उपकार झाले. पण त्यानंतर पंचायतीला जाब विचारायला कोण आलं? ग्रामसभेला मी खुर्च्या मांडून बसायचो. चार गावांचे मिळून वीस-बावीस लोक. त्यात काकांच्या कमिटीचा एकही नाही. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास जमाबंदी होते, हिशेब लोकांपुढं वाचतात. तिथं तर आमच्याच गावचे तिघं होते, त्यात मी एक.

मार्कंडेय काठ:
ग्रामसभेला लोक येत नाहीत म्हणता. नोटीस कुठल्या भाषेत लागते ते सांगा ना. फळ्यावर शुद्ध कन्नड. माझी आई सत्तरीची, तिला कन्नडचा 'क' येत नाही. 15 टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्याक असतील तर त्यांच्या भाषेत कागद मिळायला हवेत, हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. 1956 पासून मागतोय. बेळगावचं नाव 2014 ला बदललं ते एका दिवसात पाटीवर आलं, मराठी नोटीस मात्र आजवर आली नाही. कमिटी निदान आपल्या भाषेत बोलते. म्हणून लोक देवळात जातात.

वडाखालची:
दादा, नोटीस मराठीत हवीच, त्यासाठी मीही सही केलीय. पण माझ्या भावाला किल्ली मराठीतच नाकारली गेली.

माजी सदस्य:
आणि नोटीस कळत नव्हती तेव्हा दवंडी होती. ती बंद झाली तेव्हा कमिटीनं काय केलं? मोबाइलवर ग्रुप काढला. तुमच्या आईकडं मोबाइल आहे का?

सुलभामावशी:
मी इथं कधी लिहीत नाही. पण भांड्यांचा विषय निघालाय तर सांगते.

माझ्या सासूबाईंनी सासऱ्यांच्या नावानं तांब्याचा मोठा हंडा दिला होता. नाव कोरून, साल घालून. तेव्हा गावात प्रत्येक घरानं काही ना काही दिलेलं. कुणी परात, कुणी घागर, कुणी पितळी कढई. लग्न असलं की हळदीच्या आदल्या दिवशी बायका जाऊन भांडी मोजून आणायच्या आणि चिंचेनं घासून परत द्यायच्या. दोन वर्षांपूर्वी नातीच्या लग्नाला हंडा मागितला, तर म्हणाले नाही. कुठं गेला? कुणाला माहीत नाही. आता खोलीत सगळी जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची पातेली. तांबं-पितळ गेलं कुठं? मला पैसे नकोत. त्यावर सासऱ्यांचं नाव होतं.

पुणेकर गावकरी:
माझ्या आजीची परातही तशीच गेली. ही सरळ चोरी आहे. भांडी, भवन, सगळं पंचायतीकडं द्या, ऑनलाइन नोंद करा, भाडं ऑनलाइन घ्या, विषय संपला.

चव्हाट गल्ली:
पुण्यात बसून चोर म्हणू नका. तुम्ही गेल्या यात्रेला आलात, ओटी भरून संध्याकाळच्या गाडीनं गेलात. पातेली कुणी धुतली, विचारलंत का?

मावशी, तुम्हाला सांगतो. तांब्याच्या भांड्यांना कल्हई लागते. कल्हईवाला पूर्वी पावसाळा संपला की यायचा, देवळापुढं भाता लावून बसायचा. तो यायचा बंद झाला. शहरात न्यायचं तर टेम्पोचं भाडं आणि कल्हईचा दर, दोन्ही परवडेना. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी केली की कळकते. एका लग्नात तसं झालं, वऱ्हाडाला उलट्या झाल्या. मग बैठकीत ठरवून मोडीत घातली. त्या पैशात जर्मनची पातेली आणि स्टीलची ताटं घेतली. चोरी नाही.

सुलभामावशी:
बैठकीत ठरलं, पण आमच्या घरी कुणी विचारायला आलं नाही. नाव असलेलं भांडं मोडीत घालताना एकदा दारात यायचं. हंडा घरी नेऊन देवापाशी ठेवला असता, आमटी त्यात करायचीच नव्हती. तुमची कल्हईची अडचण मला कळते. मीही घासलीत ती भांडी चाळीस वर्षं.

शेवटची गल्ली:
सगळे हंडे-पराती आठवून हळवे झालेत. आता माझं ऐका.

आमच्या गल्लीला भांडी कधी मिळाली? माझ्या मोठ्या भावाच्या लग्नात आम्ही मागितली, तर वेगळा संच काढून दिला. सहा पातेली, चेपलेली, काठावर लाल रंगाची खूण. बाकीची खोली उघडलीसुद्धा नाही. वर्गणीची पावती आमच्याकडंही फाटते, बरोबरीच्या रकमेची. गाडा ओढायला आमची पोरं लागतात. पंचायतीत मात्र आमचा सदस्य असतो. राखीव जागेवर का होईना, टेबलाच्या त्याच बाजूला बसतो, रजिस्टर मागवू शकतो. अकरा दिवस मोटार बंद राहिली तर चालेल मला. लाल खुणेचं पातेलं नको.

मार्कंडेय काठ:
ही जुनी गोष्ट असेल. आता असं कुठं आहे? आपण सगळे मराठी म्हणून एकत्र राहायला पाहिजे, त्यात हे काढून...

शेवटची गल्ली:
जुनी म्हणजे किती जुनी? भावाची मुलगी आत्ता सातवीत आहे. एकत्र राहायचं तर पातेली एकत्र करा. नोटिशीच्या मोर्च्यात मीही होतो, तुमच्या दोन ओळी मागं.

माजी सदस्य:
यावर दोन दिवस कुणी काही लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहितो. ती लाल खूण मी पाहिलीय. सदस्य असताना पाहिली आणि बोललो नाही, कारण भांडी कमिटीची, पंचायतीचा संबंध नाही असं स्वतःला समजावलं. चूक झाली माझी.

आता पंचायतीची बाजू घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. शेजारच्या गावात असंच भवन पंचायतीनं ताब्यात घेतलं. पहिलं वर्ष बरं गेलं. मग वॉचमनचा पगार थांबला, किल्ली शिपायाकडं गेली, तो रविवारी गावात नसतो, आणि लग्नं तर रविवारीच. नळ तुटले, बोर्डातले स्विच काढून नेले. शेवटी तिथल्या गल्लीतल्या पोरांनी दुसरी किल्ली करून घेतली. मालकी पंचायतीची असावी, हे माझं मत पक्कं आहे. रोजची देखभाल मात्र गावात राहणाऱ्या माणसाशिवाय होत नाही. काका यात बरोबर आहेत, मला म्हणायला जड जातंय तरी.

वडाखालची:
मग लेखी करू या. उतारा पंचायतीचा आहेच. देखभाल कमिटीकडं, पण ठरावानं आणि मुदतीनं. भाड्याचा दर भिंतीवर लिहायचा, मराठीत आणि कन्नडमध्ये. मयताच्या कार्याला भाडं नाही आणि पट्टीचा प्रश्नही नाही. हिशेब ग्रामसभेत वाचायचा. देखभालीच्या माणसांत निम्म्या बायका, आणि शेवटच्या गल्लीतलं माणूस त्यांनी स्वतः निवडलेलं, कमिटीनं नेमलेलं नाही.

चव्हाट गल्ली:
निम्म्या बायका म्हणजे जास्त होतंय. रात्री अकराला वऱ्हाड गेलं की खोली कोण बंद करणार?

सुलभामावशी:
रात्री अकराला भांडी कोण घासतं, ते आधी बघा.

चव्हाट गल्ली:
बरं. मावशींपुढं माझं काही चालत नाही.

मोडीची पावती माझ्याकडं आहे. उद्या फोटो टाकतो, वहीच्या त्या पानासकट. हंड्याचं वजन त्यात लिहिलंय, नाव लिहिलेलं नाही. ते लिहायला हवं होतं. लाल खुणेच्या पातेल्यांबद्दल मी आज संध्याकाळी खोलीत जाऊन पाहिलं. आहेत. कोपऱ्यात, पोत्याखाली. मला माहीत नव्हतं असं म्हणणार नाही, मी बघत नव्हतो. ती सहाही उद्या मोडीत जातील. पुढच्या लग्नाला ज्या घराचा नंबर असेल त्याला त्याच खोलीतली, तीच भांडी.

पट्टीचं मात्र मी सोडणार नाही. यात्रेची थकबाकी भवनाला लावायची नाही, हे मान्य. पण ती थकबाकी आहे आणि यात्रा पट्टीशिवाय होत नाही.

वडाखालची:
आमची थकबाकी भावानं दसऱ्याला भरलीय, काका. पावती आहे.

चव्हाट गल्ली:
माहीत आहे. मीच फाडली ती.

शेवटची गल्ली:
सहा पातेली मोडीत घालताना मला बोलवा. वजन करताना मी काट्यापाशी उभा राहणार.

चव्हाट गल्ली:
ये. सकाळी नऊ वाजता. किल्ली माझ्याकडं आहे.