विश्वासात येऊन काही वर्षं झाली, सुरुवातीची ओढ आता राहिली नाही. जे टिकले ते कसे टिकले?

पायवाट
जय ख्रिस्त सगळ्यांना. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच. माझा जन्म ख्रिस्ती घरातला नाही. एका मैत्रिणीमुळे लूकचं शुभवर्तमान वाचायला घेतलं, आधी नुसतं कुतूहल होतं, पण वाचता वाचता त्यातला येशू सुटेना. झाडावर चढून बसलेल्या जक्कयला तो नावाने हाक मारतो आणि आज तुझ्या घरी उतरायचंय म्हणतो, शिमोनाच्या घरी ज्या बाईला सगळे पापी म्हणून बघत असतात तिच्या रडण्याला तो मान देतो, हे वाचताना मला सारखं वाटायचं की हा मला ओळखतो. मग खूप विचार करून, पाळकांशी बोलून, बाप्तिस्मा घेतला. कोणी जबरदस्ती केली नाही, कसलं आमिष नव्हतं, हे मुद्दाम लिहिते कारण लोक पहिलं तेच विचारतात.

पहिली दोनेक वर्षं काय सांगू, वचन हातातून ठेववत नव्हतं. आता प्रार्थनेला बसते आणि दोन मिनिटांत मन भलतीकडे. गाणी म्हणते पण आतून काही हलत नाही. रविवारी उपासनेला जाते, जात राहते, पण परत येताना रिकामीच वाटते. मला भीती अशी आहे की पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जमीन आहे ना, बी लगेच उगवतं आणि मूळ नसल्यामुळे वाळून जातं, ती मीच तर नाही? शिवाय मंडळीत लोक साक्ष देतात, कोणाला प्रकाश दिसला, कोणाचं व्यसन एका रात्रीत सुटलं, माझ्याकडे तसं काहीच नाही सांगायला. आणि आईबाबांनी नातं तोडलं नाही पण त्यांना लागलंय हे मला दिसतं. हे सगळं विरून जाणार असेल तर त्यांना ते दुःख मी कशासाठी दिलं?

जे बरीच वर्षं विश्वासात आहेत त्यांनी खरंखरं सांगा, कोरड्या काळात तुम्ही काय केलंत. फक्त "जास्त प्रार्थना कर" एवढंच नको प्लीज, ते करून बघितलंय.

जुनी_वही
बाळा, मी आता आजी आहे, विश्वासात येऊन अर्धं आयुष्य होऊन गेलं, त्या हक्काने बोलते. दाखला तू अर्धाच धरून बसलीयेस. लूकचा ८ वा अध्याय पुन्हा काढ. १३ व्या ओवीत खडकाळ जमीन आहे, ती परीक्षेच्या वेळी सोडून जाते. तू सोडून गेलीस का? रिकामी वाटत असूनही रविवारी जाऊन बसतेसच ना? मग १५ वी ओवी वाच, तिथे चांगल्या जमिनीबद्दल काय सांगितलंय तर ते वचन धरून ठेवतात आणि धीराने फळ देतात. धीराने! आनंदाने उड्या मारत वचन घेणारे तर खडकाळ जमिनीवालेच आहेत त्या दाखल्यात, नीट बघ.

आता मी काय केलं ते. माझ्याकडे शब्द संपले तेव्हा मी स्वतःचे शब्द वापरणं सोडलं आणि रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचायला लागले, मन लागो न लागो. स्तोत्र १३ ची सुरुवातच "हे परमेश्वरा, कुठवर" अशी तक्रारीची आहे. ८८ वं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, आशेची एक ओळसुद्धा शेवटी येत नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि परमेश्वरालाच उद्देशून आहे. मला त्यातून कळलं की काही वाटत नाही असं देवालाच सांगणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे. मग बैठक मोडली नाही.

दुसरं म्हणजे पंडिता रमाबाईंचं बघ. त्यांनी १८८३ साली बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, तारणाची खात्री पटायला साधारण आठ वर्षं गेली. केवढी विदुषी ती, पण तिलाही वेळ लागला. आणि त्या आठ वर्षांत ती बसून राहिली नाही, विधवांसाठी शाळा काढली, टीका सोसली, वाचत राहिली, शोधत राहिली. पुढे १९२१ मध्ये तिची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि १९२२ मध्ये ती स्वतः, तरी शेवटपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराचं काम तिने सोडलं नाही. मला विचारशील तर टिकणं म्हणजे हे. तू बाप्तिस्मा आणि मनातली उब एकच समजतेस म्हणून घाबरतेस.

अग्निस्तंभ
ताई, मनाला लावून घेऊ नका पण स्पष्ट बोलतो. पवित्र आत्म्याचा आनंद जातो तेव्हा कुठेतरी कबूल न केलेलं पाप असतं. उपास करा, स्वतःला तपासा, तीन दिवस उपासप्रार्थनेत बसा, अडथळा दूर होईल. माझ्या बाबतीत असंच झालं होतं, कबुली दिली आणि त्याच आठवड्यात आनंद परत आला.

मोहरी
अग्निस्तंभ भाऊ, तुमचा अनुभव खरा आहे, नाकारत नाही, स्तोत्र ३२ मध्ये दावीद तेच म्हणतो की गप्प राहिलो तोवर हाडं झिजली आणि कबूल केलं तेव्हा सुटलो. पण प्रत्येक कोरडेपणामागे लपलेलं पाप शोधणं, हेच संकटात सापडलेल्या ईयोबाच्या मित्रांनी केलं होतं आणि शेवटी ४२ व्या अध्यायात परमेश्वर त्या मित्रांवर रागावला, ईयोबावर नाही. ताईने आधीच स्वतःला पुरेसं तपासलेलं दिसतंय. तिला आणखी एक ओझं देऊ नका, कळकळीने सांगतो.

पायवाट ताई, मी देव अजिबात न मानणाऱ्यातला होतो, त्यामुळे साक्षीबद्दल तुमचं जे झालंय ते माझंही झालं होतं. मला सगळे विचारायचे नेमकी तारीख काय, कोणत्या क्षणी झालं, आणि मला सांगताच यायचं नाही, कारण ते हळूहळू झालं, एक एक आक्षेप गळत गेला आणि एके दिवशी लक्षात आलं की मी आता येशूबद्दल वाद घालत नाहीये, त्याच्याशी बोलतोय. प्रेषित पौलाला दिमिष्काच्या (दमास्कस) वाटेवर प्रकाश दिसला, बरोबर आहे. पण त्याच पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पत्र लिहिताना त्याच्या विश्वासाचा उगम कुठे सांगितलाय तर आजी लोईस आणि आई युनीके. प्रकाश नाही, आवाज नाही, घरातून आलेला विश्वास, आणि पौल त्याला कमी लेखत नाही. बरं, पौलसुद्धा दिमिष्काहून थेट यरुशलेमला गेला नाही, गलतीकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात तो सांगतो की आधी अरबस्तानात गेलो आणि यरुशलेमला गेलो ते तीन वर्षांनी. त्या काळाबद्दल आपल्याला फारसं काही माहीत नाही. मोठ्या साक्षीनंतरसुद्धा असा शांत काळ असतो, फक्त स्टेजवर तो कोणी सांगत नाही.

मेथडिस्ट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला त्या जॉन वेस्लीचं उदाहरण मला फार धीर देऊन गेलं म्हणून लिहितो. २४ मे १७३८ ला लंडनमध्ये एका सभेत त्याला हृदयात उब जाणवली, हे सगळे सांगतात. त्याच्याच रोजनिशीत पुढे काय आहे ते कोणी सांगत नाही, त्याच संध्याकाळी त्याच्या मनात आलं की हा विश्वास असूच शकत नाही, आनंद कुठे आहे? म्हणजे ताई, तुमचाच प्रश्न, आणि तोही त्याच रात्री! पुढच्या जानेवारीत तर त्याने लिहिलं की मी ख्रिस्ती नाही. आणि हाच माणूस पुढे पन्नासहून जास्त वर्षं, १७९१ मध्ये जाईपर्यंत, प्रचार करत राहिला.

"अमेझिंग ग्रेस" हे गीत लिहिणाऱ्या जॉन न्यूटनचं त्याहून अवघड आहे. १७४८ च्या वादळात जहाज बुडता बुडता त्याने देवाचा धावा केला आणि ती तारीख तो आयुष्यभर पाळत आला. पण त्यानंतरही काही वर्षं तो गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर कप्तान होता. त्या व्यापाराविरुद्ध जाहीरपणे पुस्तिका लिहिली ती १७८८ मध्ये, चाळीस वर्षांनी. मला हे वाचून राग आला होता, अजूनही येतो, कारण त्या वर्षांत जी माणसं साखळदंडात नेली गेली त्यांचं काय. पण एक गोष्ट मान्य करावी लागली की ती वादळाची रात्र नुसती सुरुवात होती, ख्रिस्ताने त्या माणसाला पुढे चाळीस वर्षं सोडलं नाही आणि शेवटी त्याला सत्य बोलायला लावलं. तेव्हापासून कोणी मला परिवर्तनाची तारीख विचारली की मी त्याला उलट विचारतो, आत्ता तुझ्यात काय बदलतंय ते सांग.

तिसरा_प्रहर
मी कॅथलिक आहे, मोठेपणी स्नानसंस्कार म्हणजे बाप्तिस्मा घेतलेला. थोडक्यात लिहितो कारण वरच्यांनी बरंच सांगितलंय.

जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचा एक नियम माझ्या आध्यात्मिक मार्गदर्शक फादरांनी मला दिला होता आणि त्याने मला अक्षरशः वाचवलं. नियम असा की मन कोरडं आणि उदास असताना आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलायचा नाही. काहीही नवं ठरवायचं नाही. उलट ठरलेल्या प्रार्थनेच्या वेळेत जरा जास्तच बसायचं, पाच मिनिटं का होईना. म्हणजे "हे खरं होतं का" या प्रश्नाचा निकाल लावायची ही वेळच नाही. तो प्रश्न खोटा नाही, पण आज त्यावर सही करायची नाही, एवढंच. मला हे इतकं मोकळं करणारं वाटलं की मी रोज निकाल लावायचं सोडून दिलं.

मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांना धक्का बसला, कित्येक दशकं त्यांना देवाची जवळीक जाणवत नव्हती. कोणी म्हणालं म्हणजे ढोंग होतं. मला उलट वाटतं. काही मिळत नसताना रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसणं आणि मग मरणाऱ्यांची सेवा करणं, यात ढोंग करण्यासारखं काय आहे? मी त्याला प्रेमच म्हणेन.

आणखी एक. आमच्याकडे दरवर्षी पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) रात्री सगळी सभा हातात मेणबत्त्या घेऊन स्नानसंस्काराची वचनं पुन्हा देते, जन्मापासूनचे ख्रिस्ती आणि कालचे नवे सगळे एकत्र. मेथडिस्ट लोकांत वर्षाच्या सुरुवातीला देवाशी केलेल्या कराराचं नूतनीकरण करतात, तेही वेस्लीनेच १७५५ मध्ये सुरू केलेलं. जुन्या लोकांना माहीत होतं की माणसाचा होकार एकदा देऊन पुरत नाही. मंडळी कोणती का असेना, असा एक दिवस ठरवा आणि पुन्हा हो म्हणा, मन भरून आलं नाही तरी म्हणा.

धाकटा_भाऊ
मी ख्रिस्ती नाही, आधीच सांगतो. माझी मोठी बहीण झाली. हा धागा तिच्यामुळेच वाचतोय. आईबाबांबद्दलच्या तुमच्या ओळीवर लिहावंसं वाटलं.

आमच्या घरीही असंच होतं. आईला वाटलं मुलगी गेली. बाबांना वाटलं आम्ही काय कमी केलं. सुरुवातीला ताई आम्हाला पटवायचा फार प्रयत्न करायची, प्रत्येक बोलण्यात वचन, आणि घर आणखी बंद होत गेलं. मग तिने ते थांबवलं. स्वतःचा विश्वास लपवला नाही, विचारलं तर सरळ सांगायची, पण मागे लागणं बंद. आजीच्या शेवटच्या आजारपणात रात्र रात्र जागली ती. ज्या काकांशी तिचं वर्षानुवर्षं वाकडं होतं त्यांच्याकडे स्वतः जाऊन माफी मागून आली, आणि आमच्या घराण्यात आधी कोणी असं केलेलं मला तरी आठवत नाही. आईने अजून तिचा धर्म स्वीकारलेला नाही, स्वीकारेल असंही नाही, पण आता "मुलगी गेली" म्हणत नाही.

तुम्हाला आतून काय वाटतं हे आम्हा घरच्यांना दिसतच नाही. आम्हाला तुमचं वागणं दिसतं. माझ्या बहिणीलाही कोरडे दिवस आले होते, तिने मला नंतर सांगितलं, आम्हाला तेव्हा पत्ताही नव्हता.

जुनी_वही
धाकटा भाऊ, देव तुमचं आणि ताईचं भलं करो. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं होतं. त्यांनी लगेच मान तुकवली नाही, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि पुढे आल्या त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या मनाने. कोणाचं मन कधी वळेल, वळेल की नाही, ते आपल्या हातात नाही. घरच्यांचं दुःख दुःखच आहे, त्याला लगेच आशीर्वाद म्हणायची घाई करू नये, असं मला वाटतं.

पायवाट, तुला अजून एकच विचारते. मंडळीत तुझं असं कोणी आहे का जिच्यापुढे तू हे सगळं बोलू शकतेस? इथे टाइप करणं वेगळं. एकटीने विश्वास धरणं फार जड जातं, आणि आपल्याला तसं सांगितलेलंही नाही. इब्री १०:२५ मध्ये एकत्र मिळणं टाकू नका असं आहे, आणि त्याच्या आधीच्या ओवीत कारणही आहे, एकमेकांना उत्तेजन द्यायला. मी पडले तेव्हा माझ्या वतीने प्रार्थना करणाऱ्या दोघी होत्या म्हणून मी आज इथे लिहितेय.

पायवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ८८ वं स्तोत्र मोठ्याने वाचलं आणि रडू आलं, बऱ्याच महिन्यांनी. आनंद परत आला असं नाही म्हणत, पण निदान खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.

तिसरा प्रहर, "आज सही करायची नाही" हे वहीत लिहून ठेवलंय. मोहरी दादा, तीमथ्याचा मुद्दा मी कधी असा बघितलाच नव्हता, माझ्या घरात लोईस नव्हती पण ती मैत्रीण होती, तिला आज फोन केला. धाकटा भाऊ, तुमचं उत्तर मी चार वेळा वाचलं. या आठवड्यात आईबाबांकडे राहायला जातेय, काही पटवायला नाही.

जुनी वही आजी, मंडळीत असं कोणी नाही अजून. पाळकांच्या बायको आहेत, प्रेमळ आहेत, पण त्यांना सांगितलं की मला आता काही वाटत नाही, तर त्यांना काय वाटेल असं वाटतं.

जुनी_वही
त्यांना काय वाटेल हे त्यांना ठरवू दे. रविवारी उपासना झाल्यावर थांब आणि दहा मिनिटं माग. नाही जमलं तर मला इथे मेसेज कर, आपण दोघी रोज सकाळी एकच स्तोत्र वाचू, तू तुझ्या घरी मी माझ्या. पहिल्यापासून सुरू करू.