नवीन ऑफिस लॅपटॉप, काल पासवर्ड घेतला, आज घेत नाही

गोंधळलेला_जीव:
कालच नवीन लॅपटॉप मिळाला, विंडोज ११ आहे. आयटीवाल्याने तात्पुरता पासवर्ड दिला, लॉगिन केल्या केल्या बदलायला लावला, तो मी तिथेच बसून बदलला आणि दिवसभर व्यवस्थित काम केलं. फक्त फोनवर ऑफिसचं मेल सुरू होत नव्हतं, नवा पासवर्ड टाकला की चुकीचा म्हणतो, मला वाटलं फोनचा प्रॉब्लेम असेल म्हणून सोडून दिलं. रात्री घरी आल्यावर मराठी टायपिंग चालू केलं आणि झाकण बंद करून झोपलो. सकाळी उघडला तर लॅपटॉपपण म्हणतो पासवर्ड चुकीचा!! कॅप्स लॉक बघितला, बंद आहे. पासवर्ड १००% आठवतोय, कागदावर लिहून ठेवलाय (माहितीये, लिहायचा नसतो, ओरडू नका). चार वेळा टाकून झाला. आयटी उद्याशिवाय नाही.

धडाकेबाज:
सरळ रीसेट मारा, शिफ्ट दाबून रीस्टार्ट, तिथे रीसेट धिस पीसी येतं. अर्ध्या तासात मोकळे.

रात्रपाळी:
अजिबात करू नका!! ऑफिसचं मशीन आहे, बहुतेक बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं फीचर) असणार, रिकव्हरीत गेलात की ४८ आकडी किल्ली मागेल आणि ती आयटीकडेच असते. शिवाय डेटा जाईल तो वेगळाच.
आधी फोनवरचं ऑफिसचं मेल बंद करा. चुकीचा पासवर्ड सेव्ह असेल तर फोन गुपचूप मागून प्रयत्न करत राहतो आणि तुमचं अकाउंट लॉक होतं, मग बरोबर पासवर्ड टाकला तरी उपयोग नाही. आणि लॅपटॉपवर पण आता अंदाजाने मारत बसू नका.
पिन ठेवला होता का? बरेच जण पिनच्या जागी पासवर्ड टाकत बसतात.

गोंधळलेला_जीव:
मेल काढलं. पिन नाही ठेवला. त्यापेक्षा आयटीकडून फोनवर पासवर्ड रीसेट करून घेतला तर चालेल का उद्या सकाळी? घरूनच काम आहे.

रात्रपाळी:
रीसेट होईल हो, पण ऑफिसचं डोमेन (सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारं ऑफिसचं नेटवर्क) असेल तर घरी बसलेल्या लॅपटॉपला ते कळणारच नाही. नेटवर्क नसताना तो आपल्याकडे साठवलेल्या मागच्या लॉगिनशी ताडून बघतो, म्हणजे तो जुनाच पासवर्ड मागत राहणार आणि वेबमेल नवा. डोक्याला दुप्पट ताप.

खटपट्या:
थांबा जरा, मला फोनवालं वाक्य खटकतंय. पहिल्या दिवसापासून फोन नाही म्हणतोय आणि लॅपटॉप हो म्हणतोय, एकच पासवर्ड असून. म्हणजे तुम्ही जे टाकलं असं वाटतंय ते मुळात टाकलंच गेलं नसेल. पासवर्डमध्ये ॲट द रेट आहे का? आणि मराठी टायपिंग चालू करताना भाषांच्या यादीत आणखी काही छेडलं का?

गोंधळलेला_जीव:
ॲट द रेट आहे!! आणि हो, यादीत इंग्लिश यूके होतं, ते नको म्हणून काढलं आणि इंग्लिश यूएस ठेवलं. तेवढ्याने काय होतंय?

खटपट्या:
तेवढ्यानेच झालंय. यूके लेआउटमध्ये (म्हणजे कीबोर्डच्या बटणांच्या मांडणीत) शिफ्ट आणि २ दाबलं की ॲट द रेट येत नाही, दुहेरी अवतरण चिन्ह (") येतं. पासवर्ड बदलताना नुसते काळे ठिपके दिसतात, दोन्ही वेळा तुम्ही तेच बटण दाबलं, दोन्ही जुळले, कॉम्प्युटर खूश. म्हणजे तुमच्या खऱ्या पासवर्डमध्ये ॲट द रेट नाहीच, अवतरण चिन्ह आहे. फोन बिचारा पहिल्यापासून खरं बोलत होता.
आता यूएस लेआउट आहे, तर एंटरच्या शेजारचं बटण शिफ्टबरोबर दाबा. एंटर मारायच्या आधी पासवर्डच्या चौकटीतला डोळा दाबून नक्की काय टाइप झालंय ते बघा. खाली उजवीकडे भाषा पण बघून घ्या, मराठी आली असेल तर वेगळीच गंमत.

रात्रपाळी:
+१. डोळा नसेल तर काही जण युजरनेमच्या चौकटीत टाइप करून बघतात, पण चुकून एंटर दाबलं तर पासवर्ड नाव म्हणून लॉगमध्ये जाऊन बसतो, तेव्हा जपून.

गोंधळलेला_जीव:
उघडलाााा!! पाचव्या प्रयत्नाला, हात थरथरत होते. आता ॲट द रेटवाला करून टाकू का लगेच?

खटपट्या:
आधी व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सोय) जोडा, मग कंट्रोल ऑल्ट डिलीट करून बदला, नाहीतर डोमेन सापडत नाही म्हणेल. चिन्ह ठेवायचंच तर उद्गारचिन्ह ठेवा, ते यूके-यूएस दोन्हीकडे शिफ्ट १ वरच आहे. आणि उद्या आयटीला सांगून वेलकम स्क्रीनचा कीबोर्ड पण बदलून घ्या, त्याला ॲडमिन हक्क लागतात. तुम्ही फक्त तुमच्या लॉगिनचा बदललाय, रीस्टार्ट केलं की सुरुवातीच्या स्क्रीनवर परत यूके येऊ शकतं.

गोंधळलेला_जीव:
व्हीपीएन लावून बदलला, फोनवर मेलपण आलं, १४३ न वाचलेले. कागद फाडला.