काडतुसाची पितळी केस अॅनिल करायला (तापवून मऊ करायला) कुठला गॅस घेऊ? निळी बाटली की पिवळी?

गारठलेला_गडी:
राम राम मंडळी. मी मिनेसोटात असतो, .३०८ ची बोल्ट अॅक्शन रायफल आहे, रीलोडिंग (वापरलेल्या केसेस पुन्हा भरणं) घरीच गॅरेजमध्ये. केसेस बऱ्याच वेळा भरून झाल्यात आणि आता काहींच्या नेकला (बुलेट बसते त्या अरुंद तोंडाला) उभी बारीक चीर दिसायला लागलीय, शिवाय बुलेट बसवताना प्रेसचा दांडा कधी घट्ट लागतो कधी सैल, म्हणजे अॅनिलिंगची वेळ झाली हे कळलं. इंडक्शनवालं मशीन घ्यायचं म्हटलं तर बायको घराबाहेर काढेल, त्यामुळे ड्रिलला डीप सॉकेट लावून त्यात केस फिरवायची आणि गॅसच्या टॉर्चने तापवायची असं ठरवलंय. आता दुकानात निळी प्रोपेनची बाटली आहे, पिवळी मॅप-प्रो आहे, आणि किचनमधला क्रेम ब्रूलेचा छोटा ब्यूटेन टॉर्च घरात पडूनच आहे. कुठलं वापरू? जानेवारीत गॅरेज शून्याच्या बरंच खाली जातं तेवढं लक्षात घ्या.

तांबटआळी:
निळी घे रे, काही विचार करू नकोस. ब्यूटेन तर सोडूनच दे, तो शून्याच्या आसपासच गॅस व्हायचा बंद होतो, तुझ्याकडे नुसता फुसफुसेल. प्रोपेन उणे ४२ सेल्सिअसला उकळतो म्हणून तुमच्या थंडीतही चालतो.

खराद_मास्तर:
गॅसपेक्षा सेकंद महत्त्वाचे, आधी ते डोक्यात घ्या. बाटल्यांवर जे आकडे छापतात ते बघितले तर प्रोपेनची ज्वाळा साधारण ३६०० फॅरनहाइट आणि मॅप-प्रोची ३७३०, म्हणजे तापमानात फरक किरकोळच. फरक आहे तो उष्णता किती वेगाने केसमध्ये शिरते त्यात. आणि हो, पिवळी बाटली म्हणजे जुना मॅप गॅस नव्हे, तो अमेरिकेत २००८ लाच बनायचा बंद झाला, आता आत मुख्यतः प्रोपिलीन असतं. त्यामुळे जुन्या लेखांतले सेकंद उचलून वापरायचे नाहीत.

करायचं काय, तर ७५० फॅरनहाइटचा टेम्पिलॅक आणायचा, हा एक रंगासारखा द्रव असतो, ठराविक तापमानाला वितळतो. नेकच्या आतून एक रेघ मारायची, वाळू द्यायची. दुसरा ४५० चा, तो शोल्डरच्या (नेकखालच्या उताराच्या) खाली बाहेरून. ज्वाळेतल्या निळ्या सुळक्याचं टोक नेक-शोल्डरच्या जोडावर धरायचं आणि मनात मोजायचं (मेट्रोनोमचं अॅप लावलंत तर उत्तमच). आतली रेघ वितळली की केस खाली, आणि तेव्हा खालची ४५० ची रेघ जशीच्या तशी राहिली पाहिजे. दोनचार टाकाऊ केसेसवर हा आकडा पक्का करा आणि मग बाकी सगळ्या त्याच आकड्यावर. लॉट बदलला, कंपनी बदलली, की परत मोजा, कारण नेकची जाडी बदलते. दिवे मंद ठेवा. भर उजेडात नेक लाल दिसली म्हणजे ती केव्हाच करपलेली असते.

केसच्या बुडापर्यंत उष्णता जाऊ द्यायची नाही, हे परत परत सांगतो. .३०८ मध्ये कमाल दाब ६२,००० पीएसआय, आणि तो पेलायला बूड कडकच लागतं. बूड एकदा मऊ झालं तर घरी ते परत कडक करायचा काही उपाय नाही, केस सरळ पक्कडीत चेपायची आणि भंगारात.

पिवळा_पक्ष:
मास्तरांशी सहमत, पण म्हणूनच मी पिवळी वापरतो. झटकन तापते, तेवढ्या वेळात उष्णता खाली सरकायला सवडच मिळत नाही.

खराद_मास्तर:
हात बसलेला असेल तर बरोबर आहे तुमचं. पण चार सेकंदांच्या कामात एक सेकंद चुकला तर पाव हिस्सा चुकला, आठमध्ये एक चुकला तर तेवढं बिघडत नाही. नवीन माणसाला निळीच.

गारठलेला_गडी:
पटलं. मग तापवून झाल्यावर पाण्यात टाकायची का? यूट्यूबवर सगळे टाकतात.

तांबटआळी:
पितळ आहे ते, पोलाद नाही. पाण्यात टाक नाहीतर टॉवेलवर टाक, मऊपणा तोच. पाण्याने फक्त खाली सरकणारी उष्णता थांबते, मग केसेस वाळवत बसा.

वरणगावकर:
माझा रीलोडिंगशी संबंध नाही, पण वडील वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते म्हणून राहवलं नाही. लष्करी ७.६२ मिमीच्या केसवर नेकजवळ जो निळसर-तपकिरी पट्टा दिसतो तो याच अॅनिलिंगचा, सिव्हिलियन मालावरचा बहुतेक वेळा पॉलिश करून घालवतात, म्हणून लोकांना वाटतं तो डाग आहे. आणि केस चिरण्याचा जुना किस्सा तर आपल्याकडचाच, ब्रिटिशांच्या काळात पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली काडतुसं आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळेत राहिलेला ताण, दोन्ही मिळून ते व्हायचं, पण हे नीट उलगडलं १९२१ मध्ये. तेव्हा केसेस धुवायला अमोनियावालं पितळ-पॉलिश वापरत असाल तर आधी ते बंद करा.

गारठलेला_गडी:
अरे बापरे, शेल्फवर तसलीच एक बाटली आहे. आजच हलवतो.

पिवळा_पक्ष:
एक राहिलं. छोटी बाटली सलग चालवली की गार पडते, आतला दाब उतरतो आणि ज्वाळा बारीक होत जाते, मग सुरुवातीचे सेकंद शेवटच्या केसला लागू पडत नाहीत. तुमच्या थंडीत तर जास्तच. जास्त केसेस करायच्या असतील तर रेग्युलेटर असलेला टॉर्च घ्या, किंवा ग्रिलच्या २० पौंडी सिलिंडरला होज लावा. सॉकेट दोन ठेवा, एक गार होईपर्यंत दुसरं. गॅरेजचं दार थोडं उघडं, आणि पावडर (बारूद) आणि प्रायमर (बारूद पेटवणारी टोपी) त्या खोलीतच नकोत.