टॉर्क किती, आणि कुठल्या आरपीएमला?

२०१८ च्या नव्या जावा मोटरसायकलला २७ बीएचपी (इंजिनाची ताकद), तेव्हाच्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ला २० च्या आत, म्हणून जावाच सरस, असं काही जण म्हणतात; हे गणित मला अर्धंच वाटतं. २०१८ मध्ये जावा परत आली तेव्हा तिच्या २९३ सीसी इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, २८ एनएम होता, तेव्हाच्या ३४६ सीसी क्लासिकचाही तेवढाच. पण ती एनफिल्ड तो ४००० आरपीएमलाच (इंजिनाच्या मिनिटाला ४००० फेऱ्या) देते, त्या जावाला ५००० पर्यंत न्यावं लागतं.

माझ्याकडे जावा, भावाकडे क्लासिक. गळीत हंगामात अंबाजोगाई-लातूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो की फरक लगेच कळतो. तो आहे त्याच गिअरवर गाडी काढतो, मला गिअर खाली घ्यावा लागतो. मग मात्र जावा अशी सुटते की जीव खूश होतो! घ्यायच्या आधी दोन्ही गाड्या मागे कुणाला तरी बसवून, चढावर चालवून बघा.