मदत हवी आहे : आमच्या सर्जाला कामाची आवड आहे की नुसती सवय?

नमस्कार मंडळी. मी कंधार तालुक्यातला. घरी लाल कंधारी जातीची बैलजोडी आहे, सर्जा आणि राजा. यंदा नांगरट, पेरणी सगळी ट्रॅक्टरनं झाली. बैलांना राहिली सोयाबीनची कोळपणी, म्हणजे ओळींमधलं तण काढणं.

परवा जू नुसतं झटकायला बाहेर काढलं, तर सर्जा रवंथ थांबवून उठला, दाव्याला ताण देत पुढं आला आणि मान खाली घालून उभा राहिला. जू परत ठेवलं तरी बराच वेळ तिकडंच बघत होता. राजा मात्र जू दिसलं की अंग चोरतो. दोघं एकाच दावणीचे, एकाच हाताखाली शिकलेले!

वडील म्हणतात, "बसून बैल खचतो." मला वाटतं, लहानपणापासून वळण लावलेलं जनावर जुवाखाली मान देतं म्हणजे त्याला ते आवडतंच असं नाही. पण धनगरांची कुत्री मेंढरांभोवती कशी जीव लावून फिरतात ते बघितलं की माझंच मत डळमळतं.

कामाच्या जनावरांचे हाल होऊ नयेत म्हणून केलेल्या 1965 च्या सरकारी नियमांप्रमाणे दिवसात 9 तासांपेक्षा जास्त, सलग 5 तासांपेक्षा जास्त आणि पारा 37 च्या वर असताना दुपारी 12 ते 3 जनावर गाडीला किंवा ओझ्याला जुंपता येत नाही. तेवढं आम्ही पाळतो. पण त्यातून त्रास टळतो, आवड कळत नाही.

जाणकारांनी सांगा, कान, शेपूट, डोळे यांवरून बैलाची खुशी कशी ओळखता? राजाचा खांदा चाचपला, सूज नाही. तरी डॉक्टरांना दाखवू का? आणि सर्जापुरतं एका बैलाचं कोळपं कुणी वापरतं का?