४ टक्क्यांचा हिशोब : खिडकीचं माप की मोकळी जागा?

शाळेच्या इमारतीला लीड, म्हणजे हरित इमारतीचं प्रमाणपत्र, मिळवण्याच्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की खिडक्यांचं क्षेत्रफळ खोलीच्या जमिनीच्या ४ टक्के भरलं की लीडची नैसर्गिक व्हेंटिलेशनची अट झाली. हा आकडा अ‍ॅश्रे ६२.१ या अमेरिकन व्हेंटिलेशन मानकाच्या २०१६ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये होता (२०१९ च्या आवृत्तीत हिशोब बदलला), पण तो खिडकीच्या मापाचा नाही, प्रत्यक्षात उघडणाऱ्या मोकळ्या जागेचा आहे, आणि आपल्याकडे बहुतेक जण स्लायडिंग बसवतात तिथेच गाडी अडते. ५० चौरस मीटरची वर्गखोली धरा, २ चौरस मीटर उघडं हवं. १.५ बाय १.२ मीटरच्या दोन खिडक्या कागदावर ३.६ दिसतात, पण दोन ट्रॅकची स्लायडिंग निम्मीच उघडते म्हणजे हातात राहिले १.८, त्यावर डासांची जाळी लावली की अजून कमी, कारण मग फक्त जाळीच्या भोकांची मोकळी जागा धरायची. भिंतीतल्या त्याच जागेत केसमेंट, म्हणजे बिजागरीवर दारासारखी पूर्ण उघडणारी खिडकी, बसवली तर सगळं सुटतं, त्यामुळे हा निर्णय टेंडरच्या आधी घ्या.

आणि खिडकीपासून वर्ग आत किती लांबपर्यंत जातो याबद्दल अजून कुणीच बोललं नाहीये. एकाच भिंतीला खिडक्या असतील तर छताच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंतच्याच भागाला हवा मिळते असं धरतात, समोरासमोर असतील तर पाचपट. ३ मीटर उंचीला ६ मीटर आणि १५ मीटर, केवढा फरक आहे बघा! कॉरिडॉरच्या बाजूला, तो बाहेरून उघडा असेल तर, वर झरोके ठेवायला आर्किटेक्टला आत्ताच सांगा, मुलं दिवसभर त्या वर्गात बसणार आहेत.