विक्रांतवरची पत्रं : तिकिटं काढून घ्यावीत का?

दापोलीची_लेक
आजोबा (आईचे वडील) 1971 च्या सुमाराला आयएनएस विक्रांतवर होते. आजीच्या ट्रंकेत त्यांच्या पत्रांचा गठ्ठा सापडलाय. आजीने त्यांना धाडलेलीही बरीच आहेत, ती त्यांनी सुट्टीवर येताना परत आणली असावीत. त्यांवर पत्ता 'मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई' (म्हणजे नौदलाचं टपाल कार्यालय) असाच. पण आई म्हणते, लढाईच्या वेळी जहाज पूर्वेकडे होतं. मग पत्ता मुंबईचा कसा? दुसरं म्हणजे, भाऊ तिकिटं भिजवून काढायची म्हणतोय. अल्बमला लावणार आहे. काढावीत का?

शिक्केसंग्राहक, पुणे
ताई, भावाला आजच थांबवा! पाकिटावरून तिकीट सुटलं की अर्धा शिक्का पाण्यात जातो, आणि कोणी, कुठून, कोणाला लिहिलं हा सगळा धागाच तुटतो. मी गेली बरीच वर्षं नौदलाची टपालपाकिटं जमवतोय. माझ्यालेखी संग्राहकांसाठी काढलेल्या नव्याकोऱ्या विशेष आवरणांपेक्षा (स्पेशल कव्हर) घडीवर झिजलेलं, खरंच प्रवास केलेलं असं एक पत्र जास्त मोलाचं आहे.

आईचं बरोबर आहे. 4 डिसेंबर 1971 ला विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले केले. म्हणजे जहाज बंगालच्या उपसागरातच होतं. पण घरच्यांनी पाकिटावर 'बंगालचा उपसागर' लिहायचं नसतं. जहाज कुठेही असो, पत्र फ्लीट मेल ऑफिसच्या पत्त्यावर टाकायचं, पुढे पोचवणं त्यांचं काम. त्यामुळे पाकीट वाचून जहाजाचा ठावठिकाणा कोणाला लागत नाही. तुम्ही मात्र तारीख बघून तो लावू शकता.

आता आजीची पाकिटं पुन्हा नीट बघा. 15 नोव्हेंबर 1971 पासून पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. कुटुंबनियोजनाच्या छोट्या तिकिटावर 'रेफ्युजी रिलीफ' असं छापलेलं असतं. 1973 च्या मार्चअखेरपर्यंत ते चाललं. नेहमीच्या तिकिटाशेजारी ते चिकटवलेलं दिसलं आणि वर दापोलीचा डिसेंबरचा शिक्का असला, तर ते पाकीट गठ्ठ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. ज्या निर्वासितांसाठी आजीने ते पाच पैसे भरले, त्यांच्याच किनाऱ्यासमोर आजोबा उभे होते.

नॉरफोकचा_मराठी
इथे अमेरिकेत गोष्ट वेगळी आहे. 1908 पासून यांच्या युद्धनौकांवर स्वतःची टपालघरं असतात आणि शिक्क्यात जहाजाचं नाव येतं. 1930 च्या दशकातल्या शिक्क्यांत तर तिकीट रद्द करणाऱ्या आडव्या पट्ट्यांमध्ये बंदराचं नाव किंवा एखाद्या प्रसंगाचा उल्लेखही सापडतो. मग महायुद्धात गुप्ततेपायी नावं काढून टाकली. हे शिक्के जमवणाऱ्यांची इथली संस्था 1932 पासून चालू आहे. पर्ल हार्बरला बुडालेल्या ॲरिझोनाच्या शिक्क्यांना फार मागणी, म्हणून बनावटही तितकीच. जहाजाचं नाव पाहून पैसे मोजू नका, आधी तारीख जुळते का ते बघा.

शिक्केसंग्राहक, पुणे
अगदी खरं. ताई, आपल्याकडे मात्र जहाजाच्या नावाचा टपालशिक्का शोधत बसू नका. फौजी टपालाच्या गोल शिक्क्यात बहुधा 'एफपीओ' (फील्ड पोस्ट ऑफिस) आणि एक क्रमांक, एवढंच असतं. जहाजाचं नाव पत्त्यात, पाठवणाऱ्याच्या कोपऱ्यात किंवा पत्राच्या मथळ्यावर मिळेल. म्हणून पत्र ज्या पाकिटातलं, त्याच पाकिटात राहू द्या.

दापोलीची_लेक
सापडलं! छोटं तिकीट आहे, दापोलीचा शिक्का, तारीख 9 डिसेंबर 71. भाऊही आता हात लावत नाहीये. पण कडेला बुरशीचे ठिपके आहेत. पुसू का?

शिक्केसंग्राहक, पुणे
पुसू नका, ओल्या फडक्याने तर मुळीच नाही. पंख्याखाली सावलीत एक दिवस पसरून ठेवा, उन्हात नको, शाई उडते. ठिपके आलेली बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. सेलोटेप, लॅमिनेशन आणि पीव्हीसीचे चकचकीत अल्बम, तिन्ही टाळा. आम्लरहित कागदाचे किंवा पॉलिएस्टरचे कप्पे घ्या आणि पत्राची घडी रोज उघडू नका, तिथेच कागद फाटतो. एकदाच उघडून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पाकिटाच्या मागच्या बाजूचेही. कोकणातला पावसाळा लक्षात घेता डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि दिवाळीनंतर पुन्हा वारा द्या.

9 डिसेंबरच्या पाकिटाच्या मागे काही शिक्का आहे का? असेल तर त्याचा फोटो इथे टाका. तारीख पुसट असली तरी चालेल, तिरप्या उजेडात काढलात तर बरीच वाचता येईल.